महाधमनीचा जंतुदूषित फुगा : ओळख आणि उपचार



आम्ही बँकेतील कारकून, शिक्षण कला शाखेचे. डॉक्टरांच्या अधिकाराने आम्ही बोलणार नाही. वाचून समजून घेतले तेवढेच आपणापुढे ठेवतो.

हृदयातून निघालेली महाधमनी पोटात कण्यासमोरून खाली उतरते व बेंबीच्या सुमारास दुभंगून पायांकडे जाते. तिची भिंत कमजोर होऊन फुगली की त्यास अॅन्युरिझम म्हणतात. नेहमीचा फुगा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. परंतु रक्तातून आलेले जंतू भिंतीत रुजले, तर तो अल्पकाळात वाढून फुटू शकतो. १८८५ साली विल्यम ऑस्लर यांनी यास 'मायकोटिक', म्हणजे बुरशीचा, असे नाव दिले. प्रत्यक्षात दोष बहुधा बॅक्टेरियांचा, विशेषतः स्टॅफिलोकॉकस व साल्मोनेला यांचा असतो. वृद्ध, मधुमेही व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना धोका अधिक.

ओळखावे कसे? ताप, पोटात वा पाठीत सतत दुखणे आणि कधी पोटात ठोके देणारी गाठ. तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही. ताप टायफॉइडचा आणि पाठदुखी वयाची, अशी दोन खाती वेगळी मांडली जातात. बेरीज कोणी करीत नाही. रक्ताचे कल्चर शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते. त्यात जंतू सापडले नाहीत, तरी रोग नाही असे ठरत नाही. सीटी अँजिओग्राफीत एका बाजूस आलेला वेडावाकडा फुगवटा, भोवतीची सूज, क्वचित वायू दिसतो.

पुरुषांतील साधा फुगा साधारण साडेपाच सेंटिमीटरपर्यंत नजरेखाली ठेवतात. जंतुदूषित फुग्यास हे माप लागू नाही. शिरेतून अँटिबायोटिक देतातच. पण केवळ औषध सहसा पुरत नाही. शस्त्रक्रियेत कुजलेला भाग काढून तेथेच नवी नळी जोडतात, किंवा काखेपासून जांघेपर्यंत रक्तास वेगळी वाट करून देतात. तिसरा मार्ग जांघेतून आत स्टेंट-ग्राफ्ट बसविण्याचा. साध्या फुग्यासाठी तो हुआन पारोदी यांनी १९९० साली ब्यूनोस आयर्स येथे प्रथम वापरला. अशक्त रुग्णास तो सोसतो. मात्र दूषित भाग आतच राहतो. म्हणून अँटिबायोटिक अनेक महिने, काहींना जन्मभर चालू ठेवावे लागते.

तेव्हा मित्रहो, तापावर दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नये. डॉक्टरांना ताप व पाठदुखी दोन्ही एकाच वेळी सांगावे. जुने रिपोर्ट पासबुकासारखे जपावेत. एकाएकी तीव्र वेदना होऊन घेरी आली, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. तेथे रुग्णाबरोबर जाण्यास आपल्यापैकी कोणी तरी तयार असावे, एवढेच मागणे करून आम्ही आपली रजा घेतो.