आकडा आणि त्याची त्रुटी



कौटुंबिक उत्पन्नाची पहिली देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये घेणार असे केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केले, तेव्हापासून आपल्या क्षेत्रातली चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे: लोक उत्पन्न खरे सांगतील का? प्रश्न रास्त आहे. पन्नास आणि साठच्या दशकांत राष्ट्रीय नमुना पाहणीने उत्पन्न विचारून पाहिले होते. सांगितलेले उत्पन्न खर्च आणि बचत यांच्या बेरजेहूनही कमी भरले आणि ते प्रयत्न थांबले. तरी आज मी दुसरीच बाजू मांडणार आहे. मध्यक उत्पन्नाचा आकडा त्रुटीसकट छापला नाही तर तो अर्धाच आकडा असतो. आणि दोन वर्षांची तुलना करायची असेल तर तिची तयारी पाहणीच्या आखणीतच करावी लागते, मागाहून करता येत नाही.

मूठभर श्रीमंतांमुळे सरासरी वर ओढली जाते, म्हणून मध्यक घ्यायचा, हे या सभेला सांगायला नको. पण मध्यकाची अनिश्चितता कशावर ठरते, इकडे आपले लक्ष कमी असते. ती ठरते मध्याच्या आसपास कुटुंबांची दाटी किती आहे यावर. १९५२ मध्ये वुडरफ यांनी दाखवलेला मार्ग सोपा आहे: त्रुटी आधी टक्केवारीत मोजायची, मग ती रुपयांत उतरवायची. समजा एखाद्या जिल्ह्यात २०० कुटुंबे निवडली आणि ती गावागावांतून गटाने घेतल्यामुळे विचरण दुप्पट झाले. मग ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरा मध्यक त्या नमुन्यातल्या ४० व्या आणि ६० व्या शतमकांच्या दरम्यान कुठेतरी आहे. रुपयांत हे अंतर केवढे मोठे असू शकते! त्यात लोक दहा हजार, पंधरा हजार, वीस हजार असे गोल आकडे सांगतात. मध्यक अशा एखाद्या ढिगावर अडकला, की खरे उत्पन्न हलले तरी तो हलत नाही, आणि हलला तर एकदम उडी मारतो.

तुलनेचा प्रश्न याहून नाजूक आहे. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने २०२४ चे मध्यक कौटुंबिक उत्पन्न ८३,७३० डॉलर दिले. महागाईचा हिशोब करून २०२३ चे ८२,६९० होते. हजारावर डॉलरांची ही वाढ, पण कार्यालयाने ती वाढ म्हणून मांडली नाही. दोन्ही अंदाजांत संख्याशास्त्रीय फरक दिसत नाही, असे स्पष्ट लिहिले. शिवाय हे आकडे ज्या पाहणीतून येतात तिच्यात प्रत्येक घर चार महिने असते, आठ महिने बाहेर राहते आणि पुन्हा चार महिने येते. त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांत जवळपास निम्मी घरे तीच असतात. प्रत्येक वर्षाची प्रमाण त्रुटी ३०० आणि दोन्हींतला सहसंबंध ०.५ असेल, तर फरकाची त्रुटी ३०० च राहते. नमुने सर्वस्वी वेगळे असते तर ती ४२४ झाली असती. बदल मोजायचा तर काही घरांकडे पुन्हा जायला हवे, ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप असा, की नमुना त्रुटी ही किरकोळ बाब आहे; खरी चूक प्रश्नांत आणि उत्तरांत असते. आक्षेपातला आशय मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. २०१४ मध्ये याच अमेरिकी पाहणीचे प्रश्न बदलायचे ठरले, तेव्हा ९८ हजार पत्त्यांपैकी ६८ हजारांना जुने आणि ३० हजारांना नवे प्रश्न विचारले गेले. त्याच २०१३ सालचा मध्यक नव्या प्रश्नांनी सुमारे तीन टक्क्यांनी वर गेला. प्रश्नपत्रिकेचा परिणाम एखाद्या चांगल्या वर्षाच्या वाढीएवढा! पण तो मोजला गेला. आपल्याकडे २०२२-२३ च्या खर्च पाहणीत एका भेटीऐवजी तीन भेटी आल्या, आणि २०११-१२ शी तुलना कितपत खरी यावर वाद सुरू झाला. काही कुटुंबांना त्याच वेळी जुन्या पद्धतीने विचारले असते, तर त्या वादाचा मोठा भाग आकड्यांनीच मिटवला असता.

दुसरा आक्षेप वाचकांच्या नावाने घेतला जातो: त्रुटी छापली की लोक गोंधळतात आणि सत्ताधाऱ्यांना ‘फरकच नाही’ म्हणायला वाव मिळतो. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे समजावून सांगणे आपले काम आहे. त्यासाठी त्रुटी लपवणे हा उपाय नव्हे. महालनोबिस यांनी ते फार पूर्वी ओळखले होते. एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे, दोन्हींचे आकडे शेजारी ठेवायचे. त्यांतली तफावत कोणत्याही सूत्राविना वाचकाला दिसते. पीकउत्पादनाच्या अंदाजांवरून त्यांचा सुखात्मे यांच्याशी मोठा वाद झाला, पण अंदाजाबरोबर त्याची चूकही मोजली पाहिजे याबद्दल दोघांत दुमत नव्हते.

म्हणून या परिषदेने तीन मागण्या ठरावात घ्याव्यात असे मी सुचवतो. उपनमुन्यांच्या खुणांसह कुटुंबनिहाय आकडेवारी खुली करावी. पुढच्या फेरीत काही कुटुंबे तीच ठेवावीत. आणि ज्या जिल्ह्यांचा नमुना तोकडा आहे, त्यांचा मध्यक स्वतंत्रपणे जाहीर करू नये. गडचिरोली आणि पुणे यांच्यातली दरी सिद्ध करणे सोपे असेल, पण हिंगोली आणि परभणी यांची क्रमवारी लावण्यापूर्वी नमुना वाढवायला हवा, आणि त्याचा खर्च राज्याने उचलायला हवा.