गादी, मुद्रा आणि मुलगी
(इच्छापूर येथील व्याख्यान)



इंदूरहून आपल्या इच्छापूरला येणारा रस्ता बडवाह्यापुढे नर्मदा ओलांडतो. त्याच नदीकाठी, पश्चिमेला, महेश्वर आहे. अहिल्याबाईंचे नाव निघाले की आपण घाट, मंदिरे आणि दानधर्म सांगतो. मला आज त्यांच्या वारसाहक्काविषयी बोलायचे आहे.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव. दत्तक घ्यावा, कारभार आम्ही पाहू, असा गंगाधर यशवंत चंद्रचूडांचा आग्रह होता. बाईंनी तो मानला नाही. माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला आणि फौजेची धुरा तुकोजींकडे गेली.

ताराबाईंनी १७०० नंतर राज्य राखले, ते लहान शिवाजीच्या नावाने. झाशीच्या लक्ष्मीबाई लढल्या, त्या दत्तक दामोदररावाच्या हक्कासाठी. अहिल्याबाईंच्या मांडीवर असे मूल नव्हते. त्यांच्या आज्ञापत्रांवर ‘श्रीशंकर’ असे. आपण याला भक्ती म्हणतो, आणि ती होतीच. पण बाईच्या स्वतःच्या नावाने राज्य चालवण्याची सोय नसलेल्या काळात ही केवढी शहाणी योजना होती! आपल्या भाषेतही पाहा: ‘राणी’ म्हटले की आधी राजाची बायको आठवते.

तरी एक गोष्ट मला टोचत राहते. १७६७ मध्ये मालेरावांची सख्खी बहीण मुक्ताबाई हयात होती. वारसाच्या त्या वादात तिचे नाव पुढे आल्याचे माझ्या वाचनात नाही. सून राज्य करू शकली, आई करू शकली. लेक मोजणीतच नव्हती. मुलगा आणि पती गेल्यावर १७९१ मध्ये मुक्ताबाई सती गेली.

होळकरांच्या घरात लेकीला मान मिळाला तो १९६१ मध्ये. दुसऱ्या यशवंतरावांच्या निधनानंतर भारत सरकारने त्यांच्या कन्या उषाराजे यांना वारस मानले. मात्र हा समतेचा विजय समजू नका. मुलगा होता, त्याची आई अमेरिकन होती, म्हणून तो मागे पडला. शिवाय संस्थान केव्हाच विलीन झाले होते. १९७१ मध्ये पदव्या आणि तनखेही गेले.

इंग्लंडने तरी काय केले? एलिझाबेथ राणी झाल्या, कारण त्यांना भाऊ नव्हता. धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला मागे टाकायचे, हा तिथला नियम २०१३ च्या कायद्याने बदलला. स्वीडनने तो १९८० मध्येच काढला होता.

आपल्याकडे गाद्या उरल्या नाहीत, शेते आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला. त्यानंतरही बहिणी हक्कसोडीवर सह्या करतात. माहेर तुटू नये म्हणून. मीही केली आहे, केळीच्या बागेच्या कागदावर. त्या वर्षी मी वर्गात अहिल्याबाई शिकवत होते.