गढूळ पाण्यातली डुबी



फेब्रुवारी 2024 मध्ये मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत, मासेमारीला गेलेल्या एका तरुणावर शार्कने हल्ला केला. त्याला पाय गमवावा लागला. मनोर हे अहमदाबाद महामार्गावरचं गाव, समुद्रापासून चांगलंच आत. 2014 पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणून ती बातमी आल्यावर कल्याण-डोंबिवलीत जो तो विचारू लागला, आपल्या खाडीत येईल का हो?

येऊ शकतो. बातम्यांत नाव आलं ते बुल शार्कचं. आपण बाजारात मुशी, मोरी घेतो, तीही शार्कच. पण समुद्र सोडून नदीत शिरली तर तिचा निभाव लागत नाही. बुल शार्कचं तसं नाही. त्याची मूत्रपिंडं आणि मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी पाण्याचा खारेपणा बघून आपलं काम बदलतात. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीत 1937 साली एक बुल शार्क समुद्रापासून हजाराहून अधिक किलोमीटर आत सापडला होता. माद्या पिल्लं घालायला मुद्दाम खाडीत येतात. आणि आपल्या उल्हास नदीत भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतंच.

तरी घाबरून जाऊ नका. माणसाने काही छेड काढलेली नसताना शार्क चावल्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाला साधारण साठ-सत्तर घडतात. पाणी स्वच्छ असलं तर शार्क बहुधा माणसाला टाळतो. गढूळ पाण्यात मात्र त्याला नीट दिसत नाही. हालचालीचा हिसका आणि जिवंत शरीरातून निघणारी अगदी बारीक वीज, अशा खुणांवर तो अंदाज बांधतो. जवळच जाळ्यात मासे तडफडत असतील तर तो अंदाज चुकतो.

आता आपल्या खाडीत उतरतं कोण? हौसेने पोहणारं कुणी नाही. उतरतात ते डुबी मारणारे रेती मजूर. होडीतून एक लांब बांबू तळात रोवलेला असतो. माणूस छाती भरून श्वास घेतो, लोखंडी बादली घेऊन बांबू धरत धरत खाली जातो, वीस फूट, कधी त्याहूनही खोल. तळाशी काळोख. हाताने चाचपून बादली भरायची. वरचा जोडीदार ती दोराने ओढून घेतो. तेहेतीस फुटांवर अंगावरचा दाब वरच्या दुप्पट होतो, कानाचे पडदे त्याआधीच जाऊ शकतात. ना चष्मा, ना नळकांडं. वालधुनी नदीतून कारखान्यांचं सांडपाणी याच पाण्यात येतं, शहरांचं मैलापाणीही येतं, आणि ते डोळ्यांत, नाकात, तोंडात जातं. आपल्या इमारतींच्या भिंतींत अशी रेती गेलेली आहे. त्या माणसाला शार्कपेक्षा मोठी भीती आहे ती पाण्याच्या ओढीची, आणि सक्शन पंपांनी तळात पाडलेल्या खड्ड्यांची. त्यांच्या कडा अंगावर ढासळतात. या मजुरांचं असं जगणं मला शार्कच्या बातमीइतकंच मोठं वाटतं, आणि त्याची बातमी मात्र सहसा होत नाही, याचं फार वाईट वाटतं.

ओढीचा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला पूर्ण भरती तीनला, अष्टमीला सहाला. हे किनाऱ्यावरचं, कल्याणला पाणी पोचायला आणखी उशीर लागतो. भरती पुरी झाली की पाणी जरा वेळ थबकतं, तेव्हा उतरावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबर, अष्टमीच्या भांगाला कमी. तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला पाण्यात राहू नये. पावसाचा लोंढा आल्यावर तर नाहीच. पाग किंवा जाळं लावलेल्या जागेपासून लांब राहावं.

आणि डुबीवाल्यांना, त्यांच्या होडीमालकांनाही एक सांगणं. शार्क चावो की पंपाचं पातं लागो, माणूस जातो तो रक्त गेल्यामुळे. जखमेवर कापड घट्ट दाबून धरा, बघायला म्हणून मध्येच उचलू नका. हातापायाचं रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर फडका आवळून बांधा, किती वाजता बांधला ते लक्षात ठेवा आणि 108 ला फोन करा. होडीत दोन जाड, स्वच्छ फडके प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. जिथे दोराचं वेटोळं असतं तिथेच, म्हणजे वरच्या जोडीदाराच्या हाताशी राहतील.