निजतानाची गोष्ट आणि खेळातील हार



उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे 'टुनटुनीर बोई' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. टुनटुनी म्हणजे शिंपी पक्षी. या चिमुकल्या पक्ष्याच्या व इतर प्राण्यांच्या गोष्टी बंगाली घरांतून आजही सांगितल्या जातात. पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक मौजेची माहिती आहे. मुले संध्याकाळी न जेवताच पेंगू लागत, तेव्हा पूर्व बंगालच्या काही भागांतील स्त्रिया त्यांना जागे ठेवण्यासाठी या गोष्टी सांगत असत. म्हणजे मुलाला जागे ठेवणारी गोष्ट वेगळी आणि त्याला निजविणारी गोष्ट वेगळी, हा भेद घरोघरच्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक होता. जेवणापूर्वीच्या गोष्टीत चातुर्य, फजिती आणि हशा असावा. अंथरुणावरच्या गोष्टीने दिवसभराची धावपळ हळूहळू उतरवून ठेवावी.

मग खेळाची गोष्ट निजताना सांगावी की नाही? कलकत्त्यात हा प्रश्न निरर्थक वाटेल, कारण येथील मूल चालू लागताच चेंडूला लाथ मारते आणि आपला संघ कोणता हे त्याला शाळेत जाण्यापूर्वीच कळलेले असते. खेळाडूंच्या कथा त्याला हव्याच असतात. प्रश्न एवढाच उरतो, की त्यांपैकी कोणती कथा रात्रीची आहे.

या शहराची सर्वांत लाडकी क्रीडाकथा २९ जुलै १९११ ची आहे. त्या दिवशी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. एक सोडून सारे खेळाडू अनवाणी खेळले. प्रथम गोल गोऱ्यांचा झाला. मग शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि खेळ संपण्यास थोडा अवधी असताना अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. ही कथा ऐकून मूल उठून उभे राहते, पलंगावरून उडी मारते. ती दिवसाची कथा आहे. तिच्यात शत्रू आहे, आरोळी आहे, आणि आरोळीला झोप येत नाही.

शिवाय, विजयाच्या आरोळीला एक काळी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बेंगॉल व मोहन बागान यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी झाली आणि चेंगराचेंगरीत सोळा जणांचे प्राण गेले. खेळ म्हणजे दुसऱ्याला लोळविणे, एवढेच ज्यांच्या मनावर बिंबलेले असते त्यांना हरणे सहन होत नाही. हार सहन करण्याची सवय बालपणीच लावावी लागते, आणि त्यासाठी रात्रीची शांत वेळ फार सोयीची असते.

अशी एक गोष्ट याच शहराने दिलेली आहे. ती आरती साहा हिची.

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० चा. ती अडीच वर्षांची असताना तिची आई वारली आणि उत्तर कलकत्त्यात आजीने तिचा सांभाळ केला. गंगेच्या चांपातला घाटावर ती स्नानाला जाई आणि तेथेच पोहायला शिकली. तिची ओढ पाहून वडिलांनी तिला हाटखोला येथील जलतरण संस्थेत घातले. १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई खेळांत शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणारे सचिन नाग यांनी तिला शिकविले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला भारतातर्फे गेली तेव्हा ती अजून बारा वर्षांचीही झाली नव्हती. पदक मिळाले नाही. ती परत आली आणि पोहत राहिली.

१९५९ साली तिने इंग्लिश खाडी पोहून जाण्याचे ठरविले. त्यासाठी देशबंधू पार्कच्या तलावात तिने सलग आठ तास पोहण्याचा सराव केला. फ्रान्स व इंग्लंड यांच्या किनाऱ्यांमधील सरळ अंतर सुमारे एकवीस मैल आहे. परंतु खाडीतील भरती-ओहोटीचे प्रवाह पोहणाऱ्याला बाजूला ओढून नेतात, त्यामुळे प्रत्यक्षात कितीतरी अधिक पोहावे लागते. पोहणाऱ्याबरोबर एक नाव असावीच लागते. २७ ऑगस्टला स्पर्धेच्या वेळी आरतीची नाव उशिरा आली आणि तिला सुमारे चाळीस मिनिटे उशिरा पाण्यात उतरावे लागले. एवढ्या अवधीत अनुकूल प्रवाहाची वेळ हुकली. ती चौदा तासांहून अधिक पोहली. इंग्लंडचा किनारा अवघ्या काही मैलांवर आला होता, तोच प्रवाह उलटला. हात मारावा आणि पुढे सरकू नये, अशी अवस्था झाली. अखेर नावाड्याच्या आग्रहाखातर ती पाण्याबाहेर आली.

त्यानंतर तेहतीस दिवस गेले. त्या अवधीत तिचा एकोणिसावा वाढदिवस येऊन गेला. २९ सप्टेंबरला ती फ्रान्सच्या कॅप ग्री ने येथून पुन्हा पाण्यात उतरली आणि सोळा तास वीस मिनिटांनी, बेचाळीस मैल पोहून, इंग्लंडमधील सँडगेटच्या किनाऱ्यावर उभी राहिली. खाडी पोहून जाणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट रात्रीची कशी, हे पाहण्यासारखे आहे. तिच्यात शत्रू नाही. समुद्र दुष्ट नसतो, तो आपल्या वेळेप्रमाणे येतो आणि जातो. तिची गती पोहण्याची आहे. सांगणाऱ्याने 'हात, पाय, श्वास. हात, पाय, श्वास' असे संथपणे म्हणत राहिले, तर ऐकणाऱ्या मुलाचा श्वासही त्या लयीवर येतो. आणि तिच्या मध्यभागी हार आहे. पुष्कळ पालक हाच भाग एका वाक्यात गुंडाळतात, कारण मुलाने हिरमुसून झोपू नये असे त्यांना वाटते. वस्तुतः मुलाला सर्वांत उपयोगी असा भाग तोच होय. परीक्षेत, शर्यतीत, मित्रांच्या खेळात ज्याला त्याच दिवशी मागे पडावे लागले आहे, त्या मुलाला किनाऱ्याजवळ येऊनही न पोहोचलेली मुलगी अधिक जवळची वाटते.

त्या भागातून दोन गोष्टी अलगद कळतात. नाव उशिरा आली, हा आरतीचा दोष नव्हता. प्रत्येक अपयशाला आपणच कारण असतो असे लहान मुलांना सहज वाटते. तेव्हा एवढे सांगणेही मोठे आश्वासन ठरते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आरती त्या दिवशी थांबली. धीर म्हणजे कधीच न थांबणे, असे मुलांना शिकविण्यात धोका आहे. थकलेल्याने मोठ्यांचे ऐकून पाण्याबाहेर यावे, ऊब घ्यावी, झोपावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार करावा, हेदेखील धैर्यच आहे. निजायला निघालेल्या मुलाला याहून सोयीचा अर्थ कोणता असणार? म्हणून पहिल्या रात्री गोष्ट पाण्याबाहेर येण्यापाशीच थांबविली तरी चालेल, मात्र 'ती पुन्हा जाणार आहे' एवढे सांगून. किनारा दुसऱ्या रात्री यावा.

हेलसिंकीच्या त्याच ऑलिंपिकात महाराष्ट्रातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात ते सहावे आले होते. कराडकडच्या आजीला आरतीऐवजी खाशाबा सांगता येतील, आणि सहाव्या क्रमांकापासून सुरुवात करता येईल. गावच्या माणसाची गोष्ट मुलाला लवकर आपली वाटते.

सर्वच क्रीडाकथा या वयाला मानवतात असे मात्र नव्हे. मोती नंदी यांची 'कोनी' ही कादंबरी, जिच्यावर १९८४ साली चित्रपटही निघाला, गंगेच्या घाटावर वाढलेल्या गरीब जलतरणपटू मुलीचीच आहे. परंतु तिच्यात दारिद्र्य, अपमान आणि भावाचा मृत्यू आहे. ती मोठ्या मुलांनी दिवसा स्वतः वाचावी. आरतीच्या आईचा मृत्यूही लहानग्याला सांगताना एका वाक्यापुरताच असावा. त्याने विचारले तरच पुढे बोलावे.

आज कलकत्त्याच्या अनेक घरांत आजी दुसऱ्या शहरी असते, आईवडील उशिरा घरी येतात आणि गोष्ट मोबाईलमधून ऐकू येते. यंत्राची गोष्ट वाईटच असते असे नाही. पण ऐकणारा कोठे गप्प झाला हे यंत्राला दिसत नाही. त्या गप्प होण्यापाशी सांगणाऱ्याने थांबायचे असते. गोष्टीचे तात्पर्य सांगू नये, 'तूही असाच धीर धर' असे म्हणू नये. मूल विचारील, 'मग तिला रडू आले का?' त्यावर 'आले असेल' असे म्हणावे, पांघरूण नीट करावे आणि दिवा मालवावा.