दहाची पेज

(ग्रामस्थ, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आहार या विषयावर बोलावयाचे म्हटले की वक्त्याने जीवनसत्त्वांची यादी वाचावी आणि श्रोत्यांनी ती मुकाट्याने ऐकून घ्यावी, असा एक प्रघातच पडून गेला आहे. मी आज तसे करणार नाही. आपल्या गोव्याच्या खेड्यापाड्यांतून जी वस्तू घरोघरी शिजत आली, जिच्या बळावर आपल्या वाडवडिलांनी नांगर हाकले आणि जिचे नाव आज पाहुण्यांसमोर काढतानाही आपल्याला संकोच वाटतो, अशा एकाच वस्तूविषयी मी बोलणार आहे. ती म्हणजे उकड्या तांदळाची पेज.

पूर्वी शेतावर जाणारा माणूस पहाटे काहीतरी किरकोळ तोंडात टाकून घराबाहेर पडे. त्याचे पहिले खरे खाणे दहा-अकराच्या सुमारास होई, आणि ते पेजेचे असे. दुपारी शीत आणि माशाचे हुमण किंवा कढी, रात्री पुन्हा शीत. गावात घड्याळे थोडी होती. 'पेजेची वेळ झाली' एवढे म्हटले की ऊन किती वर आले ते सर्वांना कळे. पेजेबरोबर पानात काय असे, तेही आठवून पाहा. आदल्या रात्रीचे आटवलेले हुमण, सुक्या सुंगटांची किसमूर, चेपणीची तोरे, कधी भाजलेला बांगडा, कधी तांबडी भाजी. पेज ही एकटी कधी येत नसे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

प्रथम तांदळाविषयी. भात आधी पाण्यात भिजवून उकडायचे, मग उन्हात वाळवायचे आणि नंतर कांडायचे, हा खटाटोप आपल्या आजीपणजींनी कशासाठी केला? उकडल्याने तांदूळ कणखर होतो, कांडताना तुटत नाही आणि पोटात दमाने जिरतो, एवढे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पण या खटाटोपात आणखी एक काम नकळत होत होते. भाताच्या कोंड्यात आणि कोंबात जे 'ब' गटातील सत्त्व असते, ते उकडताना पाण्याबरोबर दाण्याच्या आतल्या भागात उतरते. त्यामुळे पुढे गिरणीत कोंडा निघून गेला, तरी ते सत्त्व पुष्कळसे दाण्यातच राहते. कच्च्या तांदळाला पॉलिश केले की ते कोंड्याबरोबर निघून जाते.

ही गोष्ट जगाला कळली, ती एका कोंबडीच्या खुराड्यात. जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. या रोगात हातापायांतले बळ जाते आणि हृदय दुबळे होते. त्यांच्या प्रयोगासाठी ठेवलेल्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या, आणि पुढे तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी करता असे आढळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांना घालणे त्याला रुचले नाही, आणि कोंबड्यांच्या वाट्याला पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ आला. त्या तांदळानेच त्या बऱ्या झाल्या! आइकमन यांना 1929 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, त्याचे मूळ या खुराड्यात आहे.

आपल्या देशाचाही या शोधाशी जवळचा संबंध आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आज सर्वांना ठाऊक आहे. तिचा आरंभ 1918 साली कुन्नूर येथील एका खोलीत झाला, आणि तोही बेरीबेरीच्याच चौकशीसाठी. त्या काळी आंध्रच्या किनारपट्टीवर कच्चा सडलेला तांदूळ खाणाऱ्यांत हा रोग आढळे. उकडा खाणाऱ्या प्रदेशांत तो क्वचितच दिसे. आपल्या आजीला शास्त्र माहीत नव्हते, परंतु तिच्या भाणात ते शिजत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पेजेचा दुसरा गुण तिच्या पाण्यात आहे. भात शिजवून वरचे पाणी आपण ओतून देतो, तेव्हा पाण्यात विरघळणारी सत्त्वे त्याबरोबर मोरीत जातात. पेजेत पाणी आणि शिते दोन्ही पोटात जातात, काहीच टाकले जात नाही. उन्हात घाम गाळणाऱ्याला पाणी, मीठ आणि अन्न ही तिन्ही एकाच भांड्यात मिळतात.

एवढे सांगून मी थांबलो, तर आपण घरी जाऊन केवळ पेजेचा टोप चुलीवर चढवाल, आणि ते योग्य होणार नाही. कारण पेज ही काही संजीवनी नव्हे. तांदूळ उकडा असला तरी तो तांदूळच. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेली अन्नघटकांची कोष्टके पाहा. 100 ग्रॅम सडलेल्या तांदळात प्रथिने आठ ग्रॅमच्या आसपास असतात. तेवढ्याच कुळथात ती 21 ग्रॅमच्या वर असतात. तांदळात चुना, म्हणजे कॅल्शियम, जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. नाचणीत 364 मिलिग्रॅम. तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. कुळथात ते आठ मिलिग्रॅमहून अधिक असते. म्हणूनच मघाशी मी म्हटले की पेज एकटी येत नसे. तिची उणीव कुळथाच्या साराने, अळसांद्यांच्या तोणाकाने, नाचणीच्या तिझाणाने, पावसाळ्यातल्या टाकळ्याने आणि काट्यासकट चावून खाल्लेल्या बारीक मासळीने भरून निघे. कैरी आणि लिंबू यांच्या आंबटपणामुळे भाजीतले लोह अंगी लागण्यास मदत होई.

आता एक कटू गोष्ट सांगतो. माझ्या लहानपणी घरात आम्ही नऊ माणसे होतो. आई करवंटीच्या डवलीने पेज वाढी. प्रथम पुरुषांना, मग आम्हा मुलांना, मग आजीला. कोणी वाटसरू आला तर टोपात तांब्याभर पाणी पडे, आणि त्याचीही सोय होई. पेजेच्या या औदार्याचे आम्हाला मोठे कौतुक वाटे. पण ते वाढवलेले पाणी अखेर कोणाच्या वाटीत येई, याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला नाही. शिते आमच्या पानात पडत आणि तळाचे पाणी आईच्या. किसमूर तोवर संपलेली असे. तिच्यासाठी मिठाचा खडा उरे. जुन्या जेवणाचे गोडवे गाताना हे विसरणे हा अप्रामाणिकपणा होईल.

आणि ही गोष्ट केवळ जुनी आहे असे कोणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयोगटातील गोव्यातल्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण 2015-16 साली सुमारे 31 टक्के होते. 2019-21 च्या पाहणीत ते 39 टक्क्यांवर गेले. देशाच्या मानाने हा आकडा कमी आहे खरा, परंतु दर पाच स्त्रियांपैकी दोघी रक्ताने उण्या, हे साक्षर व सुस्थित राज्याला भूषणावह नाही. याची कारणे अनेक आहेत, आणि एका पेजेने ती दूर होणार नाहीत. तथापि घरात शेवटी कोण जेवते आणि तिच्या पानात काय उरते, हे पाहण्यासाठी कोणत्याही सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही.

मग दहाची पेज गेली कोठे? ती चवीमुळे गेली नाही, घड्याळामुळे गेली. शेताऐवजी कचेरी, खाण, कारखाना आणि दुकान आले. माणसे आठच्या बसने घर सोडू लागली. डोंगरउतारावरची नाचणी मागे पडली, आणि पावसाळी भातानंतर शेतात पेरले जाणारे कुळीथ आणि अळसांदे कमी झाले. पेजेच्या वेळेला चहा आणि बिस्किटे येऊन बसली. मी शाळेत शिकवीत असताना दुसऱ्या तासाला काही मुले बाकावर डोके टेकीत. सकाळी काय खाल्ले, असे विचारले की उत्तर ठरलेले असे: 'चा आणि बिस्कीट.' मी त्यांना आळशी समजून रागावत असे. ती भुकेली होती, हे मला फार उशिरा उमगले.

तेव्हा आता करावे काय? मागचे दिवस परत आणण्याचा आग्रह मी धरीत नाही. परंतु काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

गृहिणींना आणि त्यांच्याबरोबर घरातील पुरुषांनाही माझी विनंती अशी. सकाळी घाई असेल तर पेज रात्रीच्या जेवणाला घ्यावी. पेज घड्याळावर रुसत नाही. तिच्याबरोबर कडधान्य, पालेभाजी किंवा मासळी यांपैकी एक तरी असावे. आठवड्यातून दोनदा तांदळाच्या जागी नाचणी यावी. लोणचे आणि खारवलेले पदार्थ बेताने घ्यावेत. पूर्वीचा शेतकरी घामावाटे मीठ टाकीत होता, खुर्चीवर बसणाऱ्याला रक्तदाबाचा विचार केला पाहिजे. मधुमेह असलेल्यांनी पेजेचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, कारण तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, तासभर थांबावे. आणि वाढण्यापूर्वीच, जी वाढणार आहे तिचा वाटा बाजूला काढून ठेवावा.

ज्यांना बाहेर खावे लागते, त्यांनीही निराश होऊ नये. आपल्या गावच्या हॉटेलात कोंड्याची पोई आणि चण्याचे किंवा अळसांद्यांचे तोणाक मिळते. तळलेली मिरची-भजी आणि दोन कप चहा यांपेक्षा ते कितीतरी भरीव जेवण आहे.

शिक्षकांनी मुलांना 'अभ्यास केलास का?' हे विचारण्याआधी 'खाऊन आलास का?' हे विचारावे. अंगणवाडी सेविकांनी मातांसमोर पाककृती करून दाखवताना परक्या वस्तूंऐवजी तिझाण आणि कुळथाचे सार करून दाखवावे. पंचायत सदस्यांनी आणि कृषी अधिकाऱ्यांनी, भात कापल्यावर पडीक राहणाऱ्या शेतांत पुन्हा कुळीथ-अळसांदे कसे पिकतील याचा विचार शेतकऱ्यांबरोबर बसून करावा. जे शेतात पिकत नाही, ते पानात फार दिवस टिकत नाही.

माझी आई आज हयात नाही. तिच्या टोपाच्या तळाला काय उरत असे, हे मी तिला कधी विचारले नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वाढणारे हात अजून आहेत, त्यांनी आज रात्री एवढेच करावे: आपले पान पुढे ओढण्यापूर्वी एकदा टोपात डोकावून पाहावे.