स्लॅबच्या दिवशी तुम्ही मालक असता

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे कालपर्यंत मिस्त्री होते आणि आज स्वतः ठेके घेतात. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, कुठंही जा, अशी पोरं भेटतात. सोबत चार गवंडी, दोन बिगारी आणि खिशात मोबाइल. कायद्याचं नाव काढलं की म्हणतात, "भाऊ, मी कुठं कंपनीवाला?"

तर राजेहो, स्लॅबचा दिवस आठवा. रोजचे सहा जण, त्यात मिक्सरची टोळी आली. झाले पंधरा! बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात मागच्या 12 महिन्यांत एक दिवस जरी 10 मजूर लागले, तरी काम कायद्याखाली यायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. 10 चा आकडा त्यांतही आहे. स्वतःच्या राहत्या घराला सूट मिळते, ती जुन्या कायद्यात 10 लाखांपर्यंतच्या खर्चाला होती, आता 50 लाखांपर्यंत आहे. पण मजुरीचे नियम? ते एकच मजूर असला तरी लागू.

ते नियम साधे आहेत. रोजंदारी असेल तर पैसे त्याच दिवशी, काम सुटताना. आठवड्याची मजुरी असेल तर आठवडी सुटीच्या आधी. कुणाला कामावरून काढलं किंवा त्यानं काम सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. जादा तासांना दुप्पट दर.

आता खरी गोम ऐका. मजूर म्हणाला, "पैसे मिळाले नाहीत," तर दिल्याचं सिद्ध कोणी करायचं? तुम्ही! तोंडी उचल, तोंडी हिशेब तिथं टिकत नाही. म्हणून हजेरीची वही ठेवा. नाव, तारीख, तास, मजुरी, उचल आणि सही किंवा अंगठा. शक्यतो पैसे खात्यावर टाका.

हीच वही मजुराच्या घरालाही उभं करते. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीला वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देतो. मंडळाचा पैसा येतो बांधकाम खर्चावरच्या 1 टक्का उपकरातून. नोंदणी चालू असेल तर पोरांना शिष्यवृत्ती मिळते, आणि कामावर मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख रुपये.

समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो. त्याच महामार्गावर 1 ऑगस्ट 2023 ला शहापूरजवळ गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि कामगार दगावले. तिथं मोठ्या कंपन्या होत्या, कागद होते. आपल्या गावात पालटावरून पडलेल्या माणसाच्या बायकोकडं काय असतं? दाखला नसेल तर तो तिथं कामाला होता हेसुद्धा तिला सिद्ध करत फिरावं लागतं.

ठेकेदार मित्रांनो, 90 दिवस भरले की दाखला द्या. त्यासाठी पैसे घेऊ नका आणि जो कधी कामावर आलाच नाही, त्याला देऊही नका. खोट्या नावांमुळं खऱ्या मजुराचा अर्ज मागं पडतो.

आणि ऐकणाऱ्या मजूर भावाबहिणींनो, वहीतल्या तुमच्या पानाचा दर आठवड्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शंका असेल तर वाशिमच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात विचारा. भेटू पुढच्या भागात!