घाटातली बारी आणि पाव मैलाची मोटार



हिंजवडी म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. पण चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड याच गावातून वाकडला निघतं. अन् आसपासच्या मावळात, खेड-चाकणकडे जत्रा म्हटली की बैलगाड्यांचा घाट आलाच! आज मी तुम्हांला एका परदेशी शर्यतीची गोष्ट सांगणार आहे. पण ती कळायला घाटाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आपल्या घाटात काय होतं? चढाची सरळ धाव. पुढं घोडी, मागं बैल. निशाण पडलं की बारी सुटते, आणि अकरा-बारा सेकंदांत सारा खेळ खलास. वळण नाही, डावपेच नाही. निवाडा करतं ते घड्याळ.

अमेरिकेत हाच खेळ मोटारींचा आहे. त्याला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी-शेजारी जागच्या जागी उभ्या असतात. खूण झाली की सुटतात. या खेळानं १९६४ ते १९७० या काळात तिथल्या तरुणांना वेड लावलं. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीनं मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं इंजिन मध्यम आकाराच्या गाडीत बसवलं आणि तिला ‘जीटीओ’ नाव दिलं. ३२५ घोड्यांची ताकद! मग चढाओढ लागली. १९६६ साली क्रायस्लरनं सात लिटरचं ‘हेमी’ इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांना दिलं. ते ४२५ घोड्यांचं. १९७० साली शेव्हरलेची ‘शेव्हेल’ ४५० घोड्यांवर गेली. पिळदार दंडाच्या पैलवानासारख्या या गाड्यांना ‘मसल कार’ हे नाव पडलं.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचे घोडे जास्त, तोच जिंकणार! तसं नाही बरं का. पहिली गोष्ट अशी की, त्या काळी इंजिन गाडीबाहेर काढून, पंखा-सायलेन्सरसारखी ओझी न लावता त्याची ताकद मोजत. प्रत्यक्ष गाडीत ती कमी भरे. १९७२ पासून ही ओझी धरून मोजणी सुरू झाली, तेव्हा जाहिरातींतले आकडे एकदम खाली आले. कागदी घोडे ते कागदावरच राहिले!

दुसरी गोष्ट पकडीची. ओल्या मातीत बैलाचा खूर घसरला, तर अंगात बळ असून उपयोग काय? तसंच या गाड्यांचं. इंजिन जबरदस्त, पण त्या वेळचे टायर अरुंद. सुटताना जोर जास्त दिला की मागची चाकं जागच्या जागी फिरत, धूर निघे आणि शेजारची गाडी पुढं निघून जाई. गाडी सुटते तेव्हा तिचा भार मागं सरकतो, नाक वर उठतं. हा भार मागच्या चाकांवर नीट बसवणारा चालकच पहिल्या काही मीटरांत बाजी मारी. कारखान्यातून आली तशी चांगली गाडी पाव मैल तेरा ते पंधरा सेकंदांत कापी, आणि रेषेपाशी तिचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास असे.

शिक्षक बंधूंनी इथं फळ्यावर एक गणित घालावं. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगानं जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ९ मीटरांत थांबते. वेग चौपट केला तर अंतर चौपट होतं का? नाही. वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे सोळापट, १४४ मीटर! शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी ४४ मीटर. म्हणून पाव मैलाच्या शर्यतीला जागा पाव मैलाहून पुष्कळ जास्त लागते. धावण्याइतकीच थांबायला जागा हवी.

अमेरिकेतही पोरं आधी भर रस्त्यावरच शर्यती लावत, जिवाशी खेळत. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था काढली. नियम केले, गाड्यांची तपासणी ठेवली. संस्थेची पहिली अधिकृत शर्यत १९५३ साली पोमोना गावी झाली. कुठं, ठाऊक आहे? जत्रेच्या मैदानातल्या मोटारी लावायच्या जागेत! खेळ बंद केला नाही, त्याला त्याचा घाट दिला.

आपणही हा धडा गिरवला आहे. बैलांच्या छळामुळं सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. इंजिनाला वेदना नसते, बैलाला असते. म्हणून इथले नियम अधिक मोलाचे. चाबूक-टोचणी घाटात दिसली, तर ती गावकऱ्यांनीच थांबवावी.

मोटारींनाही इकडं घाट मिळाला होता. लोणावळ्यापलीकडं अॅम्बी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. पण हिंजवडी-चाकणकडच्या पोरांना रात्री रुंद, रिकामा रस्ता दिसला की हात शिवशिवतात. त्या रस्त्यावर पाळी सुटलेला कामगार सायकलवरून येत असतो, कुणाची म्हातारी रस्ता ओलांडत असते. तिथं निशाण नाही, घड्याळ नाही, थांबायला जागाही नाही.

अशा पोराला नुसतं ‘वेडा’ म्हणून हिणवू नका. त्याला ते सोळापटीचं गणित घालून द्या. अन् सांगा, “बाबा रे, बैलसुद्धा बारी घाटातच मारतो, गावाच्या रस्त्यानं तो चालतच येतो.”